शेवटच्या पायरीवरचा हक्क

जेरुसलेम, मे १९५०

प्रिय इस्कंदर,

जिनिव्हाला गेलेल्या आपल्या मठाच्या निवेदनात माझं नाव आहे. आज सकाळी मठाच्या चिटणीसांनी स्वतः खोलीवर येऊन सांगितलं, म्हणून विश्वास ठेवावा लागला. विहिरीच्या गुहेत उतरणारी सगळ्यात खालची पायरी आपल्या मठाची, आणि पुरावा काय, तर ईस्टरच्या आठवड्यात ती आपल्या आश्रयाला असलेल्या नजला ताराझीनं झाडली. पलीकडच्या मठाचे पाद्री, अबूना बुत्रुस, शेजारी उभे होते, त्यांनी हरकत घेतली नाही. संयुक्त राष्ट्रांची समिती तिथं पवित्र जागांचे नियम लिहिते आहे, ते कायम होण्याआधी जमेल तेवढा दगड आपल्या नावावर करायची सगळ्यांना घाई झाली आहे.

इथलं पोर चालायला लागतं तेव्हाच त्याला बजावतात, दुसऱ्या पंथाच्या फरशीवर झाडू टेकवायचा नाही. जो झाडतो त्याचा हक्क. मला हे ठाऊक नव्हतं का? पण अबूनांची कंबर धरली होती. मेणाचे ठिपके, संत्र्याच्या साली, वरून यात्रेकरू उतरायला लागलेले, आणि ते झाडू हातात धरून नुसते उभे. "पोरी, तेवढं ओढून दे गं. कुणाला सांगू नकोस, नाहीतर माझेच लोक मला सोलतील," म्हणाले. त्यांच्याच झाडूनं मी त्यांचं काम केलं. दोन वर्षांपूर्वी लढाईत कतमोनचं घर सोडून आईला इथं आणलं, तेव्हा आपल्या मठाच्या स्वयंपाकघरात नावं लिहून होईपर्यंत मसुरीचं पातेलं त्यांच्याकडून आलं होतं. "खा गं, डाळीला पंथ नसतो," म्हणायचे.

आता त्यांच्या मठात त्यांच्याशी कुणी बोलत नाही. पायरी विकली म्हणतात. गुहेची किल्ली काढून घेतली आहे, आणि आरोप खरा ठरला तर वाळवंटातल्या मठात पाठवणार आहेत. मिसरूड फुटायच्या आधी आलेला माणूस, त्याला दुसरं जग माहीत नाही. काल अंगणात मी त्यांना हाक मारली. चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, "ही बाई कोण? मी ओळखत नाही हिला." मला यात ओढायचं नाही म्हणून म्हणाले, हे कळायला मला खोलीपर्यंत चालावं लागलं.

चिटणीसांचं बोलणं मात्र गोड. "पुढच्या सोमवारी सरकारी अंमलदार पायरीवर येतील. एवढंच सांगायचं, ही पायरी नेहमी मीच झाडते." मी म्हटलं, "नेहमी? जन्मात एकदा, तेही त्यांच्या झाडूनं!" तर म्हणाले, "बाई, खोलीसाठी अजून बरीच कुटुंबं थांबली आहेत." मग आईच्या पाठीवरच्या जखमांची चौकशी केली, तिच्या उशाशी जपमाळ ठेवली आणि गेले. आईला कूस बदलायलाही मी लागते, इस्कंदर. इथून निघालो तर जेरिकोजवळचे निर्वासितांचे तंबू. या उन्हात ती तिथं टिकणार नाही. खोटं बोलले तर अबूना गेले, खरं बोलले तर आई. दिवसभर भिंतीकडे बघत बसले आहे, तिसरी वाट दिसत नाही.

एक मात्र दिसलं. यात्रेकरू खाली पोचायच्या आत माझं झाडून झालं होतं. तेव्हा तिथं आम्ही दोघं होतो, आणि वरच्या पायरीवर अंडं सोलत बसलेला तू. "ताई, झाली की गं पायरी आपली! जिनिव्हात गेल्यावर सांगतोच सगळ्यांना!" म्हणालास. सगळ्यात जास्त अबूनाच हसले होते. जेवणाच्या टेबलावर तू गंमत म्हणून सांगितलंस आणि कुणी ती उचलली, की तुझ्याच हातानं ते वाक्य लिहिलंस, हे मी विचारत नाही. शिष्टमंडळाचा दुभाषी तू आहेस, निवेदन रोज तुझ्या हातात असतं. ते वाक्य काढायला लाव आणि मठाला तार कर. त्यासाठीच उद्याच्या विमानानं निघणाऱ्या माणसाहाती हे धाडते आहे. तार आली नाही, तर सोमवारी मी त्या पायरीवर उभी राहून खरं काय ते सांगेन, आणि मंगळवारी आईला खाटेसकट कुठं न्यायचं ते तुला ठरवावं लागेल.

अजून तरी तुझीच ताई,
नजला