डाव्या बाहीचा डाग

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि तुमची दोघांची भांडणं जिथल्या तिथे असतील, अशी आशा आहे.

मंगळवारी सकाळी अंघोळ, देवाचं नाव आणि चहा एवढं उरकून मी छावणीच्या फाटकासमोर लॉन्ड्रीवाल्याच्या बाकावर जाऊन बसलो. ऑफिसनं मला इथे कशाला धाडलंय ते तुला सांगितलंच होतं. या भागाच्या पोटापाण्यात लष्कराचा वाटा किती, तो मोजायचा. (आपल्या गुरुजींनी छडी मारून शिकवलेली त्रैराशिकं अशी उपयोगी पडतील, असं त्यांनाही वाटलं नसेल.) वाटा मोठा आहे. जवळजवळ सगळं गाव छावणीवर जगतं. फक्त छावणीतलं माणूस कुणी धड पाहिलेलं नाही.

बेकरीवाल्याच्या टोपल्या रोज भरून आत जातात आणि रिकाम्या बाहेर येतात, तळाशी कणसुद्धा नसतो. धंदा उत्तम, पण त्याची झोप उडालीय. एवढी माणसं पाव खातात आणि एकाचीही तक्रार नाही, असं कुठे असतं का, म्हणतो. न्हाव्याला फाटकाजवळच्या खोलीत खुर्ची दिलीय. लोक येऊन बसतात, हा कात्री चालवतो, खाली केस पडत नाहीत. चेहरे कसे असतात, विचारलं, तर उखडला. "चेहरे बघायला मी काय फोटोग्राफर आहे? मी मान बघतो. सगळ्यांची एकच मान." लॉन्ड्रीवाल्याकडे येणारे गणवेश धुतलेले, इस्त्री केलेलेच असतात. हा पुन्हा धुतो. मळलेलं नाही म्हणून धुवायचं नाही असं ठरवलं, तर पोरांना काय घालू, हा त्याचा प्रश्न. मी त्याचे गणवेश मोजून वहीत मांडले.

आता तुझा ढब्बू. तू विणलेला स्वेटर (एक बाही लांब झालीय, हे मी कुणाला सांगितलं नाही) मी इथे आल्या दिवशीच फाटकावर नेला होता. झडपेतून हातमोजा घातलेला हात आला, स्वेटर आत गेला. मी म्हटलं, भाच्याला भेटता येईल का? आतून आवाज आला, "मजेत आहे. काळजी नसावी." ताई, तो इथे भरती झाल्यापासून दर महिन्याला तुला येणाऱ्या पत्रात हेच आणि एवढंच असतं ना? मी फाटकाला नमस्कार करून परतलो. का केला, ठाऊक नाही. देवळाची सवय.

तर मंगळवारी लॉन्ड्रीवाल्यानं गठ्ठा सोडला आणि साप निघाल्यासारखा मागे सरला. "अहो, हे मळलंय!" स्वेटर होता. लांब बाहीवरून लगेच ओळखला. आणि डाव्या बाहीला, मनगटाशी, तेलाचा डाग. ढब्बूचा उजवा हात जेवणात गुंतलेला असतो म्हणून तो तोंड डाव्या बाहीला पुसतो, यावरून तू त्याला किती फटके दिलेस! (एकदा मध्ये पडलो म्हणून मलाही.) डाग कसा काढतात, ते लॉन्ड्रीवाला पार विसरला होता. मी मागितल्यावर त्यानं स्वेटर लगेच देऊन टाकला. फक्त जाताना हळूच म्हणाला, "साहेब, आकडा तेवढा भरपूर लिहा हं."

बाकी इकडे सर्व क्षेम आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबतच्या पार्सलात स्वेटर आहे. धुऊ नकोस. नाकाशी धर आणि वास आपल्या ढब्बूचाच आहे का ते कळव. हे माप मला घेता येत नाही. दाजींना विचारू नकोस, ते म्हणतील डाग म्हणजे डाग.

आणखी एक. अहवालात 'छावणीतील प्रत्यक्ष माणसे' असा एक रकाना आहे. ऑफिसातले साहेब म्हणतात, मागच्या वर्षीचा आकडा उतरवा, दुसरं काही लिहिलंत तर वरून चौकशी येईल आणि फाटक उघडावं लागेल. मग या गावाचं काय होईल, ते मला माहीत आहे. लॉन्ड्रीवाल्याची पोरं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. तुझं उत्तर येईपर्यंत रकाना कोरा ठेवणार होतो. आज सकाळी देवापुढे बसलो, काही मागितलं नाही. उठलो, रकान्यात 'एक' लिहिलं आणि अहवाल टपालात टाकून आलो.