मचूळ पाणी

कुवेत, ४ मार्च १९८४

धर्मादादा, तुला आणि मनोरीतल्या आपल्या सगळ्या घराला इथून रामराम.

बा गेल्याची तार मिळाली. मी बरा आहे, जेवतो, ड्यूटीला जातो. आयला एवढंच सांग. सुट्टी मी मागितलीच नाही.

तू कामाचं विचारलं होतंस. इथे समुद्राचं पाणी तापवून वाफ धरतात, तिचं पाणी करतात. त्याला चवच नसते. म्हणून शेवटी त्यात जमिनीतलं मचूळ पाणी थोडं सोडतात, अगदी आपल्या विहिरीसारखं. तो व्हॉल्व्ह माझ्याकडे आहे.

खर्च अफाट येतो, पण सरकार तेलाच्या पैशातून भरतं आणि लोकांना जवळजवळ फुकट देतं. आपल्याकडे पालिकेचा पाण्याचा साहेब म्हणाला होता, "इतक्या थोड्या घरांसाठी खाडीपार पाइप परवडत नाही." तेव्हा मी भांडलो होतो. आता राग येत नाही, आपल्याकडे कुठलं तेल?

वहिनी अजून खाडीपलीकडच्या मार्व्याहून होडीने गोड्या पाण्याचे हंडे आणते का? तिची कंबर कशी आहे?

बा गेला तेव्हा मी ड्यूटीवरच होतो. अख्ख्या शहराचं पाणी माझ्या हाताखालून जात होतं. तू त्याच्या तोंडात शेवटचं घातलंस, ते गोडं होतं का रे?

तुझा धाकटा,
भिकाजी