लाडू जागा झाला

बाळकुम, ठाणे
बुधवार, २९ ऑक्टोबर २०२५, सकाळ

चि. ऋजुता,

अनेक आशीर्वाद. तुझ्या श्रियाचा खोकला थांबला का? हे पत्र आमचा ड्रायव्हर महेंद्र तुझ्या बँकेत येऊन तुझ्याच हातात देईल. तुला घरी फोन करावा तर स्वानंदराव उचलतात आणि स्पीकरवर ठेवतात; बँकेत फोन करून हे सांगवत नाही. बायकोला बहिणीशी दोन शब्द खासगी बोलू द्यावेत, तर ते नाही.

आमच्या मनोरुग्णालयातला कुत्रा लाडू आठवतो ना? ऑगस्टपासून, म्हणजे स्वानंदराव इथे दाखल झाल्यापासून, तो नुसता लोळायचा. वय झालं बिचाऱ्याचं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. परवा रविवारी त्याने लक्ष्मी मावशींची चप्पल पळवली आणि अख्खा वॉर्ड त्याच्यामागे धावला. सगळे पोट धरून हसत होते. मला हसू येईना. वसुबारसेला तू स्वानंदरावांना घरी नेलंस, त्याला नऊ दिवस झाले होते.

रात्रीची गोळी आम्ही जेवताना देतो. स्वानंदराव आधी लाडूसाठी घास काढायचे, आपले अण्णा काढायचे तसा. माणूस पुन्हा कुणाला तरी जीव लावतोय, म्हणून डॉक्टरांनाही कौतुक. "भरवा, भरवा," असं मीच म्हणायचे.

काल तू फोनवर म्हणालीस, "ताई, हे इथेही जिन्यातल्या कुत्रीला रोज घास घालतात गं. इतकी आळशी झालीय ती, पेपरवाला तिला ओलांडून जातो!"

मला कालच कळलं, असं लिहून मोकळी झाले असते. पण नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी लाडूच्या ओठाला भात चिकटलेला होता आणि भातात अर्धी विरघळलेली पांढरी गोळी. मी ती रुमालाने पुसली. औषधांच्या तक्त्यावर 'दिली' असं लिहून सही केली. एखाद्या दिवशी झालं असेल, म्हटलं. सांगितलं असतं तर त्यांचा मुक्काम लांबला असता, आणि तू तर दिवाळीला ते घरी हवेत म्हणून डोळ्यांत प्राण आणून बसली होतीस. तुझं तोंड बघून मी माझं काम विसरले. मला लाज वाटते, ऋजू.

तू काल आणखी एक म्हणालीस. ते अगदी शांत झालेत, कपाटातली कागदपत्रं लावून ठेवलीत, झाडं लावायची म्हणून सोसायटीकडून गच्चीची किल्ली मागून घेतलीय. जुलैत त्यांना त्याच गच्चीच्या कठड्यावरून चौघांनी उतरवलं होतं.

डॉक्टरांना आज सगळं सांगितलं. स्वानंदरावांना लगेच घेऊन या, म्हणाले. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो. तुमच्या शेजारच्या त्र्यंबककाकांना किल्ली काढून घ्यायला वर पाठवलंय. त्याला पंचवीस मिनिटं झाली. काका फोन उचलत नाहीत.

तू हे वाचत असशील तेव्हा मी बँकेखाली गाडीत बसलेली असेन. तुझ्यासमोर उभं राहायचं धैर्य नाही. पर्स उचल आणि खाली ये. बोलायचं ते गाडीत बोल, मी ऐकून घेईन.

तुझी अपराधी,
उत्तराताई