मांडी, पोटरी आणि साडू

१ सप्टेंबर, रविवार. दुपार.
साडू जेवायला आला. हाफपँटमध्ये. लोकांच्या घरी जेवायला जाताना माणूस फुलपँट घालतो असा माझा समज होता. थोरल्या मेहुणीचा नवरा म्हणून काही बोलता येत नाही. वयानं माझ्यापेक्षा मोठा, पायांनी पंचविशीतला. सोफ्यावर बसून पाय असे पसरले होते की टीपॉय सरकवावा लागला.

ही पाण्याचे ग्लास घेऊन आली आणि म्हणाली, भाऊजींनी पाय काय कमावलेत. सगळ्यांसमोर. मी तिथेच होतो. मीही पायांवरच उभा होतो.

मला मत्सर वाटत नाही, हे इथे लिहून ठेवतो. मी पँट कटर आहे, मला पाय म्हणजे फक्त मापं. साडूच्या पँटी मीच शिवतो. पोटरीजवळ कापड नेहमी जास्त सोडावं लागतं. सोडताना पोटात दुखतं, ते ॲसिडिटीमुळे.

जेवताना साडूनं जाहीर केलं की दवाखान्याच्या नव्या इमारतीसाठी तळ्याभोवती दौड आहे, महिनाअखेरीला. सासरच्या सगळ्यांची एक टीम. सगळ्यांना एकसारख्या हाफपँटी. शिवणार कोण, तर घरचाच मास्तर. ही लगेच हो म्हणाली. माझ्या वतीनं.

शाळा सुटल्यापासून मी चारचौघांत हाफपँट घातलेली नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२ सप्टेंबर, सोमवार. दुकानात, जेवणाची सुट्टी.
ट्रायल रूमची कडी लावून पायांची पाहणी केली. तटस्थपणे. मांड्या: भरदार. पोटऱ्या: कमी. म्हणजे वर लोड, खाली काड्या. गेली कित्येक वर्षं ही वस्तुस्थिती मी कमरेला दोन प्लीट, म्हणजे चुण्या, आणि खाली सरळ बॉटम देऊन सांभाळली आहे. बाहेरच्या माणसाला पत्ता लागत नाही. हिला माहीत आहे, पण तिच्याकडे तुलनेला काही नव्हतं. कालपर्यंत.

संकल्प: महिन्याभरात पाय नवे करायचे. दौडीच्या दिवशी हिनं तेच वाक्य माझ्याबद्दल म्हटलं पाहिजे. तिच्या बहिणीच्या देखत.

अडचण अशी. वजन उतरवलं तर मांड्या उतरतील, पण पोटऱ्या आहेत तेवढ्याही जातील. वजनं उचलून ताकद वाढवली तर पोटऱ्या भरतील, पण मांड्या आणखी फुगतील. एक जाड, एक बारीक, आणि दोन्ही एकाच पायाला. कोटवाल्याला विचारलं. हा माझ्या शेजारच्या टेबलावर कोट शिवतो, पाप्याचं पितर, दिवसभर खातो आणि अंगाला काही लागत नाही. तो म्हणाला, मास्तर, या वयात पाय चालतायत हेच खूप समजा. त्याला विचारलं हीच चूक.

निर्णय: वजन उतरवणे. खायचं नाही, इतकं सोपं काम. याला जिम लागत नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार.
सकाळी काकडी. दुपारी सूप. उत्साह दांडगा. संध्याकाळी कोटवाल्यानं डबा पुढे केला, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. थोडं घेतलं. थोडं म्हणजे निम्मं. त्यानं डबा झाकला म्हणून निम्मं.

हिनं सांगितलं की भाऊजी सगळं खातात आणि तरी बघा. तरी काय बघा? मी आणखी एक काकडी घेतली.

९ सप्टेंबर, सोमवार.
प्रगती आहे. मांडी अर्धा इंच कमी. टेप जरा ओढून धरला होता, पण ओढण्यातही कसब असतं. पोटरीला टेप सैल धरला तेव्हा तीही ठीक आली. गिऱ्हाइकाच्या बाबतीत मी असं कधी केलेलं नाही, करणारही नाही. स्वतःच्या बाबतीत थोडी सूट चालते.

केमिस्टकडच्या काट्यावर वजन जिथल्या तिथे. काटा खराब आहे, त्याला सांगितलं. त्यानं माझ्यामागच्या बाईंना उभं करून दाखवलं. बाईंनी काटा बरोबर असल्याचं सांगितलं आणि खूश होऊन गेल्या.

जे काही उतरलं ते चेहऱ्यावरून. एका जुन्या गिऱ्हाइकानं हळूच विचारलं, घरी सगळं ठीक ना. ही म्हणाली, चेहरा पार उतरलाय, कसली काळजी लागलीय का. मी म्हटलं, नाही. तिनं दुप्पट वाढलं. तिचं मन मोडवेना.

१२ सप्टेंबर, गुरुवार.
वजन उतरवणे हा मार्ग मुळातच चुकीचा होता. आता ताकद. साडूच्याच जिममध्ये नाव घातलं, कारण ते दुकानाजवळ आहे. दुसरं काही कारण नाही.

आत शिरल्या शिरल्या भिंतीवर साडूचा फोटो. 'या महिन्याचे सभासद'. कमरेपासून खाली जास्त, वर कमी. ट्रेनर पोरगी हिच्या भाचीच्या वयाची. साडूला सर म्हणते, मला काका. तिला माझी अडचण नीट समजावून सांगितली. ती म्हणाली, काका, नुसत्या मांडीचं वजन वेगळं उतरवता येत नाही, ते अंग ठरवतं. बेतानं खा आणि वजनंही उचला, दोन्ही करा, सहा महिने द्या, फरक दिसेल.

दोन्ही करा हा काही सल्ला नव्हे. ज्याला ठरवता येत नाही तो असं सांगतो. शिवाय सहा महिने. मी एका दिवसात पँट देतो.

१४ सप्टेंबर, शनिवार.
बसता येत नाही. बसलं तर उठता येत नाही. दुकानाचा जिना उलटा उतरलो, मालकांना वाटलं काहीतरी पडलंय ते शोधतोय. तेही शोधायला लागले.

ही आधी हसली, मग तेल घेऊन आली. पाय चोळायला बसली. किती दिवसांनी. बरं वाटत होतं. तेवढ्यात म्हणाली, भाऊजींना विचारा ना, ते नीट शिकवतील तुम्हाला. मी पाय ओढून घेतला. त्यानं जास्तच दुखला. ती तेलाची बाटली घेऊन निघून गेली. दुसऱ्या पायाला तेल लागलंच नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार.
साडू स्वतःहून शिकवायला आला. हिनंच फोन केला असणार. पाठीवर हात ठेवून म्हणाला, सावकाश साडूभाऊ, टाचा उचलू नका, छान जमतंय. जमत नव्हतं. मी खाली बसलो तो बसलोच, त्यानं बगलेत हात घालून वर काढला. कुणी बघितलं नाही ना, हेही त्यानंच आधी बघितलं.

माणूस चांगला आहे, हीच पंचाईत. दुष्ट असता तर मनसोक्त जळता आलं असतं. आज पहिल्यांदा कबूल करतो, मी जळतो. हिच्या तोंडून भाऊजी शब्द आला की माझ्या हातातली कात्री वाकडी जाते.

कुठेतरी वाचलं की स्नायू विश्रांतीत वाढतात. पुढचे काही दिवस जिमला जायचं नाही. वाढू देत.

२१ सप्टेंबर, शनिवार.
हाफपँटी कापायला घेतल्या. एक विचार आला. वाईट नाही, व्यवसायातला आहे. साडूची हाफपँट जरा लांब आणि घेराला ढगळ ठेवली तर? इतकी की गुडघ्याखाली दोन बोटं जावी आणि चालताना पिशवीसारखी हलावी. पाय कितीही कमावलेले असोत, कापडाच्या बाहेर आले तर दिसणार.

कापली. इतक्या वर्षांत जाणूनबुजून वाईट पँट पहिल्यांदाच कापली. माझी मात्र पोटऱ्या झाकतील अशी, निमुळती. शोभून दिसेल.

२४ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळ.
काल सगळे चुकलेले दिवस जिममध्ये एकदम भरून काढले. महिना संपत आला, विश्रांती पुरे झाली होती. त्यामुळे आज गुडघे वाकायला तयार नाहीत.

आणि आजच घरी सगळ्यांची ट्रायल. साडू आपली हाफपँट घालून आला आणि म्हणाला, साडूभाऊ, पळताना अडकेल, वर घ्या ना थोडी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता गिऱ्हाइकाची उंची घ्यायची तर त्याच्या पायाशी बसावं लागतं. मला बसता येईना. मी अर्धा वाकलो आणि तिथेच थांबलो. ही म्हणाली, द्या इकडे तो खडू.

ती साडूच्या पायाशी बसली. माझ्या खडूनं, माझ्या टेपनं, त्याच्या गुडघ्याच्या वर खूण करत गेली. अजून थोडी वर घेऊ का भाऊजी? घे की. मी उभा. माझा धंदा, माझं घर, माझी बायको आणि पाय त्याचे. अंगाची नुसती आग झाली.

मग ती माझ्याकडे वळली. म्हणाली, ही काय पाऊण पँट केलीय, सगळ्यांची एकसारखी पाहिजे. माझीही वर घेतली. रात्री दोन्ही मीच आखूड करून शिवल्या. साडूची अप्रतिम बसली. पोटरीला तर आता काही अडचणच नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार. दुकान.
सुचलं. वजन उतरवणं नाही, ताकद नाही, तिसराच मार्ग. ट्रेनरला सुचला नसता, तिला शिवण येत नाही.

कोटवाल्याच्या खणात खांद्याचे पॅड असतात. ज्याचे खांदे पडलेले असतात त्याच्या कोटात घालायचे. पडका खांदा आणि पडकी पोटरी यात फरक तो काय? खांद्याला लाज वाटत नाही, तर पोटरीनं का वाटून घ्यावी? गुडघ्यापर्यंतचे मोजे घेतले, खेळाडू घालतात तसले, त्यांच्या आतून पॅड टाचले. पक्की शिलाई बाहेरून दिसली असती म्हणून कच्चा टाका.

ट्रायल रूमच्या आरशात बघितलं. साडूपेक्षा सरस. मागून तर बघतच राहावं. पोटऱ्या भरल्यामुळे मांड्याही प्रमाणात वाटतात. सगळ्या महिन्याची मेहनत सार्थकी लागली.

कोटवाला विचारत होता, खणात कुणी हात घातला का. मी म्हटलं, उंदीर असेल.

२९ सप्टेंबर, रविवार. दुपार.
लिहायची इच्छा नाही. थोडक्यात.

मोजे तिथल्या वॉशरूममध्ये चढवले. बाहेर आलो. मेहुणी बघत राहिली. ही बघत राहिली. माझ्या पायांवरून तिची नजर हलेना, तोंड अर्धवट उघडं. मला वाटलं, आता म्हणणार. तेवढ्यात शिट्टी झाली. मी मुद्दाम पुढे पळालो, मागून जास्त चांगले दिसतात म्हणून.

पहिलं वळण छान गेलं. मग डाव्या पायाचा टाका सुटला. नंतर उजव्याचा. हिनं हाक मारली, अहो, थांबा. आवाजात एवढी माया होती की मी वेग वाढवला. मग ती ओरडायला लागली, भाऊजी, धावा, यांच्या पायांना सूज आलीय, ती बघा खाली सरकतेय.

साडू मला कधी गाठून पुढे गेला कळलं नाही. खाली वाकला आणि मला पाठुंगळी घेतलं. मी म्हटलं, सोडा, काही झालेलं नाही. तो म्हणाला, बोलू नका, दम लागेल. तेव्हाच खरं सांगून टाकता आलं असतं. सांगितलं नाही. लोक बाजूला होऊन वाट देत होते, टाळ्या वाजवत होते. साडूच्या टाचा एकदाही घसरल्या नाहीत. ही शेजारून माझा हात धरून पळत होती आणि रडत होती.

तंबूत नर्सनं मोजे उतरवले. पॅड घोट्याशी आले होते. तिनं एक उचलून बोटांनी दाबून बघितला, मग डॉक्टरांना दाखवला. तंबूत मेहुणी होती, साडू होता, सगळी टीम होती. हिचं रडणं थांबलं.

साडू म्हणाला, चला, पाय शाबूत आहेत हे महत्त्वाचं. आणि सगळ्यांना बाहेर घेऊन गेला.

३० सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळ.
पॅड कोटवाल्याच्या खणात परत ठेवले. त्यानं विचारलं, ओले कसे. मी खण ढकलून बंद केला.

ही कालपासून बोलली नव्हती. आज चहा पुढे ठेवला आणि बसली. मीच विचारलं, दौड सुरू व्हायच्या आधी माझ्या पायांकडे एवढी बघत होतीस, तेव्हा काय मनात आलं. म्हणाली, घाबरले. वाटलं किडनीचं काहीतरी झालं. माझे डोळे बांधून तुम्हाला शंभर माणसांत उभं केलं तरी तुमचे पाय मी हात लावून ओळखीन. ते एवढे फुगलेले बघून माझं काय झालं असेल?

एवढ्या वर्षांत तिनं मला असं काही सांगितलं नव्हतं. तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण मी विचारलं, आणि भाऊजींचे? ती म्हणाली, त्यांचे चांगलेच आहेत, खोटं कशाला बोलू? आणि ताईला फोन करायला आत गेली.

म्हणजे त्याचे चांगले, माझे ओळखीचे. सारखं मनात घोळतंय. यातलं मोठं कुठलं, हे ठरवता येत नाही.

निर्णय: वजन उतरवणे आणि ताकद वाढवणे, दोन्ही आजपासून बंद. पाय बदलले तर हिला ओळखू येणार नाहीत, आणि नुसत्या चांगल्या पायांसाठी ही जोखीम घेणं बरोबर नाही. मन शांत झालं.

फक्त एक विचारायचं राहिलं. डोळे बांधून ती भाऊजींचे ओळखेल का.