पोटात दुखतंय म्हणून

आई, आज तुझा इतका राग आलाय की घरी येऊन चहासुद्धा न टाकता लिहायला बसले. पावसाळ्यापासून अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटते, म्हणून उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंकडं गेले होते. त्यांनी हातात कापसाची एक काडी आणि नळी ठेवली. "बाथरूममध्ये जा, तुमचं तुम्हीच घ्या. काडी आत घालून फिरवायची आणि नळीत ठेवून झाकण लावायचं." झालं! कुणी पाहिलं नाही, कुणी हात लावला नाही. तिथं चांगले जंतू किती आणि त्रास देणारे किती, ते म्हणे त्यातून कळतं. कडी लावून मी ते सगळं केलं, आणि मग 'एवढंच होतं?' म्हणत रडले. रागानं रडले.

कारण मला आपल्या कन्नड गावातला दवाखाना दिसत होता. तू स्टुलावर बसलेली, पदर तोंडाशी, मागं आजी उभी. डॉक्टर विचारतात, काय होतंय? आजीच सांगते, "काय नाय, पोटात दुखतंय तिच्या." आणि तू मान हलवतेस! दरवेळी हलवलीस. दरवेळी पोटाच्या गोळ्या घेऊन आलीस. घरी न्हाणीत तुरटीच्या पाण्यानं, कपड्याच्या साबणानं आतून घासायचीस, आणि मी वयात आल्यावर मलाही तेच शिकवलंस. "बाईच्या जातीला असतंयच हे. गावभर बोंबलायचं नसतं." आज बाई म्हणाल्या, आतून साबण लावून आपणच चांगले जंतू मारतो. ऐकतेयस ना? खाज वाढली की तू आणखी घासायचीस. शेवटी शहरात आणलं तेव्हा गर्भपिशवीच्या तोंडाशी गाठ निघाली, फार उशीर झाला होता. तेराव्याला बायका म्हणत होत्या, "पोटाच्या दुखण्यानं गेली बिचारी." हातातलं पातेलं आपटावंसं वाटलं होतं मला.

आजीचा राग येतोच. पण तुझा जास्त येतो, कारण तोंड तुला होतं. जीव तुझा होता, पण आई माझी होती ना!

हे तुला पोचायचं नाही, म्हणून तर एवढी जीभ सुटलीय. दवाखान्याबाहेर लेक स्कूटीवर थांबली होती. बारावीला आहे आता. "मम्मी, कशाची टेस्ट केली गं?" तिनं विचारलं. शेजारी दोन माणसं उभी होती.

"पोटाची," मी म्हणाले.