पोमादा माझ्याच हातचा

२७ जुलै, सकाळी

वही नवी आहे. आगेदाने, म्हणजे माझ्या लेकीने आणून दिली. म्हणाली, "आई, काय सुचेल ते यात लिहीत जा, म्हणजे मला दिवसातून सहा वेळा फोन नको." किती काळजी करते पोर माझी!

शाळेत मी तीन हिवाळे गेले. पुढे चपलांच्या कारखान्यात पट्टे शिवले. त्यामुळे अक्षर वाकडं येतं, पण वाचणार कोण? मीच.

बातमी अशी की तोनीना, माझी नात, यंदा गावच्या जत्रेत घोड्यावर बसणार! आमच्या घरात आजवर कुणी बसलं नव्हतं. काळा कोट, पांढरी विजार, घोड्याच्या शेपटीला रिबिनी. नवीन स्वाराच्या दारात सगळे घोडे थांबतात आणि स्वार खोगिरावर बसूनच एकेक ग्लास पोमादा पितात. तोनीना राहते तिसऱ्या मजल्यावर, घोडा काही जिना चढत नाही. तेव्हा दार एक तर माझं, नाही तर विहीणबाईंचं.

माझंच. यात विचार कसला करायचा?

२८ जुलै

विहीणबाई म्हणजे लुसीया, तोनीनाची दुसरी आजी. बाई चांगली आहे. मोठ्यांदा हसते, पण चांगली आहे. ती पोमाद्यात बाटलीतलं लिमोनेड ओतते. बाटलीतलं! दारात लिंबाचं झाड नसलं की माणूस असं करतं. मी नावं ठेवत नाही.

माझा पोमादा साधा. आमच्या बेटावरची जिन, माझ्या झाडाची लिंबं, साखर, बर्फ. यात चुकायला आहे काय?

ठरवलं: रोज थोडी प्रॅक्टिस करायची. आणि चव फक्त एका चमच्याने बघायची, डॉक्टरांना शब्द दिलाय.

२९ जुलै, दुपारी

चाळीस लिंबं पिळली. सालं पांढऱ्या भागासकट साखरेत उकळली. टीव्हीवर एक बाई सांगत होती, पांढरं काढून टाका. का म्हणून टाकायचं? आम्ही उपासमारीच्या वर्षांतली माणसं. माझी आई बटाट्याच्या सालांचं सूप करायची आणि आम्ही ताट चाटायचो. देवाने दिलेलं अर्धं लिंबू फेकायला माझा हात धजत नाही.

रंग फार सुंदर आला. भिंतीला द्यावा असा.

एक चमचा चव घेतली. नीट कळेना, म्हणून आणखी पाच. चमचा मोठा, वाढायचा होता, दुसरा जवळ नव्हता. मग जरा पडले. उन्हाळा आहे.

३० जुलै

शेजारच्या बेपला ग्लासभर दिला. कोळी माणूस, खरं बोलतो. एक घोट घेतला आणि बराच वेळ समुद्राकडे बघत राहिला. आमच्या अंगणातून समुद्र दिसत नाही, पण माणसाला आतून दिसत असेल. मग म्हणाला, "एस्पेरान्साबाई, झालाय छानच, पण मला डॉक्टरांनी बंद केलंय."

काल संध्याकाळी बारमध्ये बसला होता. म्हणजे आज सकाळीच बंद केलं असणार. बिचारा.

माझा नवरा सिस्को आज हवा होता. जत्रेच्या दिवशी मी दिलेला ग्लास तो कधी सगळ्यांत बसून प्यायला नाही. घेऊन थेट झाडापाशी जायचा. एकट्याने आस्वाद घ्यायचा. दोन मिनिटांत ग्लास रिकामा! झाड मात्र त्या बाजूने कधी फारसं वाढलं नाही, काय कीड लागली होती कोण जाणे.

३१ जुलै

फ्रीजरमध्ये ठेवलेला पोमादा दोन दिवस झाले तरी गोठेना. मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "आजी, त्यात किती जिन आहे?" मी म्हटलं, हवी तेवढी आहे. तो म्हणाला, "मग फ्रीज ठीक आहे."

हल्लीच्या पोरांना यंत्रातलं काही कळत नाही.

लिंबू वाढवलं, सालंही वाढवली. चव बघितली. चमचे मोजले नाहीत.

२ ऑगस्ट, रविवार

आज सगळे जेवायला आले. आगेदा, जावई नोफ्रे, तोनीना आणि विहीणबाई. जेवणानंतर मी पोमादा आणला. परीक्षाच म्हणायची, फक्त तसं कुणी म्हणालं नाही.

नोफ्रे म्हणाला, "वेगळाच आहे हो." विहीणबाईंनी डोळे मिटले, गिळला आणि म्हणाल्या, "घरचं ते घरचंच." बघा, शत्रूसुद्धा मान्य करतो! म्हणजे शत्रू नाही, विहीण. तोनीनाने ग्लास संपवला आणि लगेच चार पेले पाणी प्यायली. तहान लागली होती पोरीला, दिवसभर घोड्यावर प्रॅक्टिस करते.

मग आगेदा म्हणाली, "आई, मी काय म्हणते, घोडे सासूबाईंच्या दारात थांबवू या का? तुला दगदग नको."

मी म्हटलं, कसली दगदग?

ती म्हणाली, "आई, तीस स्वार आहेत. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली तर तोनीनाला पुढची वीस वर्षं ऐकावं लागेल. या गावाला ओळखतेस ना तू?"

तोंडं वाकडी का करतील ते तिने सांगितलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरला. जेवण झालं होतं, पण कांदा आधीच चिरून ठेवलेला बरा.

तोनीना मागोमाग आली. म्हणाली, "आजी, इकडे बघ. घोडे तुझ्याच दारात थांबणार. मी स्वार आहे, मी ठरवते." आणि माझ्या डोळ्यांना आपली बाही लावली. कांदा फार उग्र होता.

बाहेर गेल्यावर ती, आगेदा आणि विहीणबाई फाटकापाशी बराच वेळ कुजबुजत होत्या. माझं कौतुक चाललं असणार. तोंडावर कुणी करत नाही, आमच्या घराण्याची ही एक खोड आहे.

५ ऑगस्ट

तोनीनाने कोट घालून दाखवला. खांदे सिस्कोचे! मी एवढी हरखले की गॅसवरची सालं करपली. करपट वास बरा लागतो. धुरकट. हॉटेलात याचे जास्त घेतात.

६ ऑगस्ट

मोठं पातेलं भरलं. बेप भिंतीवरून म्हणाला, "एस्पेरान्साबाई, घोड्यांना तर पाजणार नाही ना?" चावट मेला.

८ ऑगस्ट, शनिवार, घाईत

सकाळी सातला आगेदा हजर. मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देईना. "आई, तू यजमानीण आहेस. केस कर, निळा ड्रेस घाल, दारात खुर्चीत बस. ओतायचं वगैरे आम्ही बघतो." राणीसारखं बसवलं मला.

मागच्या दाराने विहीणबाई आल्या. दोन्ही हातांत जड पिशव्या, घामाघूम. मी म्हटलं, हे काय आणलंत? म्हणाल्या, "काही नाही हो, बर्फ." बर्फ एवढा खणखणतो हे मला माहीत नव्हतं. पण मनाला बरं वाटलं, माझ्या दाराला हातभार लावायला आली बिचारी. मनात किती जळत असेल.

८ ऑगस्ट, संध्याकाळी

सगळं ताजं आहे तोवर लिहिते.

आधी रिवाजाप्रमाणे गाढवावर बसलेला बासरीवाला आला, मग घोडे. गल्ली गच्च भरली. तोनीनाचा काळा घोडा माझ्या खुर्चीसमोर मागच्या दोन पायांवर उभा राहिला, लोकांनी त्याला शिवायला खालून हात वर केले, मी ओरडले की रडले ते आठवत नाही. मग ती खाली वाकली, माझ्या हातून ग्लास घेतला आणि एका दमात प्यायली. एका दमात! पाणीसुद्धा मागितलं नाही.

मग बाकीचे प्यायले. दुसऱ्यांदा मागितला. एक पांढऱ्या मिशांचा स्वार म्हणाला, "पोरी, हा कुणी केला गं? उन्हात जीव थंड झाला."

तोनीना खोगिरावरून ओरडली, "माझ्या आजीने!"

कुठल्या आजीने ते सांगायची गरजच नव्हती. मी उठून मान लववली. माझ्या मागे उभ्या विहीणबाई एवढ्या मोठ्यांदा हसल्या की घोडा बिचकला. मत्सर असा बाहेर पडतो माणसाचा.

९ ऑगस्ट, सकाळी

उशिरा उठले. अंग दुखतंय, पण सुखाने.

मोरीत माझं पातेलं सापडलं. वर ताट झाकलेलं. उघडलं तर काठोकाठ भरलेलं.

तीस स्वार दोन दोनदा प्यायले आणि पातेलं भरलेलंच! असा एक चमत्कार चर्चमध्ये ऐकला होता, कुणाच्या तरी लग्नातला. ग्लासभर घेऊन बसले. रात्रीतून कडू झालाय. उन्हाळ्यात चमत्कारही टिकत नाहीत.

मग कचऱ्याचा डबा उघडला. लिमोनेडच्या चौदा रिकाम्या बाटल्या, काचेच्या. दुसऱ्याच्या घरी जाताना आपलं पेय आपण घेऊन जायचं, ही विहीणबाईंची सवय काही चांगली नाही. आणि बाई एकटीने चौदा प्यायली? पोटाला काय झालं असेल तिच्या!

कुणाला काही बोलले नाही. असल्या बाबतीत माझं मन मोठं आहे.

९ ऑगस्ट, दुपारी

तोनीनाचा फोन आला. म्हणाली, "आजी, सगळे अजून तुझ्या पोमाद्याचंच बोलताहेत. पुढच्या वर्षी परत तुझ्याच दारात. पण अगदी असाच हवा हं. यात एक थेंबसुद्धा बदल नको."

मी म्हटलं, करीन की.

फोन ठेवला. वहीत कृती लिहून ठेवावी म्हणून पेन उचललं. लिंबं, एवढं लिहिलं. मग खोडलं. तासभर तशीच बसले.

मग विहीणबाईंना फोन लावला. तब्येत विचारली, जत्रेचं विचारलं, आणि जाता जाता विचारलं, की तुम्ही ते लिमोनेड कुठल्या दुकानातून आणता?

त्या हसल्या नाहीत. पहिल्यांदाच हसल्या नाहीत. म्हणाल्या, "का हो?"

मी म्हटलं, सहजच. माहिती असावी.

त्या म्हणाल्या, "दुकान लांब आहे, विहीणबाई. पुढच्या वर्षी मीच घेऊन येईन. तुम्ही नुसतं ओता."

किती आगाऊ बाई.

बरं म्हटलं.