तिसऱ्या हाकेपर्यंत

तोंडवली, ३ नोव्हेंबर २००९
आलो एकदाचा. कुडाळहून येताना कॉम्प्युटरचा खोका मांडीवर घेऊन बसलो तर कंडक्टरने त्याचंही तिकीट फाडलं. पण आज सगळं माफ. खोलीच्या खिडकीतून माडांमधून थेट समुद्र दिसतो, आणि दुपारी प्रेमलतावहिनींनी बांगड्याचं तिखलं वाढलं. हे न्याहरी-निवास त्यांचं आणि त्यांचे सासरे दाजी यांचं. पाहुण्यांचं बुकिंग इंटरनेटवरून घ्यायचं, हे माझं काम. निघताना आईने ऐकवलंच, स्वरूप, तिकडे तरी पहिल्या हाकेला ओ देत जा, इथे तीनदा बोंबलल्याशिवाय तू हलत नाहीस. तिचा तो तिसऱ्या हाकेचा वैतागलेला सूर आठवून गाडीत हसू आलं.

५ नोव्हेंबर
कॉम्प्युटर वायरलेसला जुळेना. फोनची लाइन ओटीवर, म्हणून राउटर तिथे. कॉम्प्युटर मागे समुद्राकडच्या खोलीत, मधे चिऱ्याची जाड भिंत. पासवर्ड पुन्हा घातला, कार्ड काढून पुसून बसवलं, ड्रायव्हर नव्याने टाकला. ढिम्म. दाजी म्हणाले, एवढ्यात त्यांनी होडीचं इंजिन खोलून परत जोडलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
संध्याकाळी यादीत आणखी एक नेटवर्क आलं. नाव 'सुदेश'. पासवर्ड नाही, सिग्नल पूर्ण. अँटेना समुद्राकडे वळवला तरच दिसतं. तिकडे तर घरच नाही.

६ नोव्हेंबर
सुदेश कोण, असं वहिनींना विचारलं आणि जीभ चावली. त्यांचा नवरा. नारळी पौर्णिमेनंतर मासेमारीला गेला, होडी सापडली, तो नाही. तेव्हापासून रोज दिवेलागणीला किनाऱ्याकडून त्याची हाक येते म्हणे. 'प्रेमा', एकदाच. वहिनींनी हे भाजी निवडता निवडता सांगितलं. दाजींनी मला बजावलं, तिन्हीसांजेला बाहेरून तीनदा हाक आल्याशिवाय ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतो, ते एकदाच मारतं. त्यावर वहिनी म्हणाल्या, ज्या दिवशी तीनदा मारील त्या दिवशी मी जाणार. दाजी उठून दाराचा अडसर तपासून आले.

७ नोव्हेंबर
आमचं नेटवर्क मेलं ते मेलंच. शेवटी वैतागून 'सुदेश'ला जोडलं, वर 'आपोआप जोडा' या चौकोनात खूणही केली. लगेच जुळलं. पानं उघडत नाहीत, पण मेल गेला. माझ्या बहिणीला, संचिताला, लिहिलं: आईला सांग, इथे भूत आणि माणूस तीन हाकांवरून ओळखतात. तीनदा आली की बिनधास्त ओ द्यायची. म्हणजे आईच्या हाकेला भिण्याचं कारण नाही.
दाजींना कळलं तेव्हा ते धावत येऊन पडद्यासमोर उभे राहिले. "ह्या मशीनान पयल्याच हाकेक ओ दिल्यान," म्हणाले. मी म्हटलं, दाजी, यंत्र आहे ते.

८ नोव्हेंबर
आज हाक मीही ऐकली. दोनदा आली. वहिनी विळीवरून उठून दारापर्यंत गेल्या, दाजींनी अडसर घातला आणि दाराला पाठ लावून बसले. मी घाबरलोय, खोटं कशाला लिहू.
संचिताला फोन केला. तिला मेल मिळालाच नाही. इथे तर गेला असं दाखवतं. मग वाचला कोणी?

९ नोव्हेंबर
सकाळीच कार्ड उपटून काढलं. प्लगही काढला. उपयोग —
तीनदा आली. नीट, माणसासारखी, थांबून थांबून. वहिनींनी ओ दिली. इतक्या आनंदाने मी कोणाला ओ देताना ऐकलं नव्हतं. दाजींना ढकलून त्यांनी अडसर काढला आणि थेट पाण्याकडे धावल्या. त्यांचा हात धरला होता मी. सुटला. पाणी जेमतेम गुडघ्याएवढं, आणि तिथेच त्या दिसेनाशा —
त्याला नियम मीच शिकवला. मीच लिहून पाठवला.

१० नोव्हेंबर
दाजी होडीवाल्यांबरोबर शोधायला गेलेत. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, आता कितीय हाका येंवदे, ओ देव नको. मी एकटा. एसटी उद्या सकाळची.
प्लग काढलेलाच आहे. कार्ड टेबलावर पडलंय. तरी पडदा उजळला. यादीत दोन नावं. सुदेश. प्रेमलता.

दिवेलागण —
माडांकडून कोणीतरी 'स्वरूप' म्हणालं. आईचा आवाज. आई कुडाळला आहे. माहीत आहे मला.
परत.
द्यायची नाही. द्यायची नाही. पण घरचा फोन लागत नाहीये, आणि ती खरंच मला न्यायला आली असेल, या अंधारात, पाण्याजवळ —
तिसरी. तोच वैतागलेला सूर. लहानपणापासून या सुराला मी — तोंड आपोआप —